आपल्याच हातची शिवण

सीटवाले काका कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवर अंगठा दाबून बघत आणि मग बसत. दाबलेला फोम किती वेळात वर येतो यावरून खुर्ची किती दमली आहे ते त्यांना कळे. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की आपण असं काही करतो हे त्यांच्या लक्षातही येत नसे. ते लक्षात आणून द्यायचं काम काकूंचं.

"आम्ही पहिल्यांदा भेटलो ना," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी यांनी माझी खुर्ची दाबून बघितली. मला वाटलं, काय पण काळजी! पुढे कळलं, काळजी खुर्चीची होती."

काका यावर नुसते हसत. बोलण्यात ते पहिल्यापासून मागे. त्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेलं. मोठ्या रस्त्याच्या कडेला, फिटरच्या गॅरेजला खेटून त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी बाहेर उन्हात उभी राही आणि तिच्या सीटा तेवढ्या उपसून आत येत. काका त्यांना जमिनीवर उताणं पाडत, जुनं कव्हर सोलून काढत, स्प्रिंगा ताणून बघत, नवा फोम कापत आणि वरून नवं कव्हर असं चढवत की सुरकुती म्हणून दिसायची नाही. सीट परत गाडीत बसली की गाडी निघून जाई. ती कशी चालते, किती पळते, वाटेत बंद पडते का, यातलं काही काकांच्या वाट्याला येत नसे. ते स्वतः गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. कामावर चालत जायचे आणि चालतच यायचे.

बोटं आखडायला लागली तशी त्यांनी शेड सोडली. शिलाईचं जड मशीन तेवढं घरी आणलं. ते मागच्या खोलीत चादरीखाली उभं असे आणि त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडे.

घरात दुसऱ्या गाडीचा विषय निघाला तो सुनेमुळे. सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. लॅबची नवी शाखा शहराबाहेर निघाली आणि तिथली सगळी जबाबदारी तिच्याकडे आली. या जागेसाठी तिने बरीच वर्षं मान खाली घालून काम केलं होतं. पण नव्या शाखेचं काम भल्या पहाटे सुरू होई. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येत, त्यांच्या आधी दार उघडायला हवं. पहिली बस तिकडे पोचेपर्यंत निम्मे लोक कंटाळून घरी गेलेले असत. सध्या एक सहकारी तिला आपल्या गाडीतून नेत होता, पण त्याची बदली झाली होती आणि महिनाअखेर तो जाणार होता. घरात एक गाडी होती, पण ती मुलाची. तो लिफ्ट दुरुस्तीची कामं करी आणि सगळी अवजारं घेऊन रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जाई. म्हणजे महिनाअखेरीआधी गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन सुनेने परत जुन्या शाखेत, जुन्या टेबलावर जायचं. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. वापरलेली, पण भरवशाची हवी होती.

"बाबाच बघतील गाडी," मुलगा जेवताना म्हणाला. "आयुष्य गाड्यांत गेलंय त्यांचं."

"गाड्यांत नाही रे, गाद्यांत," काकू म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस जरा. बाबा, फिटरकाकांना बरोबर घ्या. तुम्ही दोघं म्हणाल ती घेऊ. हिला घेऊन जा. मला काही सुट्टी मिळायची नाही."

काकांनी घास परत ताटात ठेवला. आपल्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, हे सांगावं असं त्यांना वाटलं. पण मुलगा इतक्या सहज बोलून गेला होता, आणि शेड सोडल्यापासून कुणी त्यांच्यावर काही सोपवलंही नव्हतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. "तुला कसली हवी गं?"

"कसलीही चालेल, बाबा."

हे तिचं नेहमीचं. चहा निवला तरी चालेल. भाजीत मीठ कमी? चालेल. खिडकीजवळची जागा की दाराजवळची? कुठलीही चालेल. लग्न होऊन आल्यापासून तिने कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. काकूंना ते गुणाचं वाटे. काकांनाही तसंच वाटे. कधीकधी मात्र त्यांच्या मनात येई, हिला नेमकं आवडतं काय हे आपल्याला अजून ठाऊक नाही.

पहिली गाडी एका शाळेतल्या बाईंची होती. बाई निवृत्त झाल्या होत्या आणि आता रोज कुठे जायचं नव्हतं म्हणून गाडी काढत होत्या. आखूड, टपाला उंच, समोरची काच मोठी, अशी ती गाडी जिन्याखाली उभी होती. रंग उडालेला. फिटर बोनेट उघडून आत डोकं घालून बसला. फिटर म्हणजे काकांच्या शेडशेजारचा, आयुष्यभराचा भांडकुदळ मित्र. एकमेकांवर डाफरल्याशिवाय दोघांचा दिवस कधी सुरू झाला नव्हता.

काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. सीट पार बसलेली. दाराच्या अंगाचं कव्हर उसवून आतला पिवळा फोम बाहेर आलेला, त्याचा भुगा खाली सांडलेला. त्यांनी अंगठा दाबला. फोम आत गेला तो तिथेच राहिला.

सून आत बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा हाताने जरा वळवला, गिअरवर हात ठेवून बघितला. मग सरळ समोर बघत थोडा वेळ तशीच बसून राहिली.

"मी रोज हिच्यातूनच शाळेत गेले," बाई म्हणाल्या. "सीटचं म्हणाल तर मनात यायचं, पण दरवेळी आधी टायर लागायचे, नाहीतर बॅटरी. सीट काय, राहून गेली."

फिटरने सुनेला गाडी चालू करायला लावली आणि डोकं बाहेर काढलं. "शिंपीबुवा, आवाज ऐक हिचा. घड्याळ आहे घड्याळ."

पण काकांना आवाज कुठे ऐकू येत होता! ते उसवलेल्या शिवणीकडे बघत होते. त्यांनी मित्राला बाजूला घेतलं. "जो माणूस रोज बसायच्या जागेची अशी दशा करतो, तो आत तेल तरी वेळेवर बदलत असेल का?"

"तेल बदललंय. मी बघितलंय."

"मला नाही पटत."

"तुला नको तर नको," फिटर हात पुसत म्हणाला. "गाडी तुमची."

काकांनी सुनेला विचारलं, "नको ना ही?"

सून खाली उतरली. दार लावताना तिचा हात दारावर जरासा रेंगाळला. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा. चालेल."

दुसरी गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात होती. मोकळ्या मैदानात गाड्या ओळीने उभ्या आणि प्रत्येकीची काच पुसून लखलखीत केलेली. तिथला दलाल गोड बोलणारा होता. त्याच्या तोंडी प्रत्येक गाडी एकाच हाताची, आणि तो एक हात नेहमी कुठल्यातरी डॉक्टरचा.

काका निरुत्साहाने एकेका गाडीत डोकावत होते. एका लांबुडक्या, बसक्या, निळ्या गाडीचं दार त्यांनी उघडलं आणि ते थबकले. सीटचं कव्हर राखाडी, कडेला काळी पायपिंग, म्हणजे दोरी भरून शिवलेला गोट. इतकी वर्षं झाली असतील, पण सुरकुती नाही. त्यांनी अंगठा दाबला. फोम सावकाश, अगदी शहाण्यासारखा वर आला. मग ते गुडघ्यावर बसले आणि सीटच्या खालच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे, बोटं घातली. वाकून बघितलं. शेवटची शिवण हाताने घातलेली होती. लाल दोऱ्याने.

काका कुठल्याही रंगाची सीट असो, शेवटचे टाके लाल दोऱ्याने घालत. त्यांच्या उस्तादाने दिलेलं एक मोठं रीळ होतं, मेण लावलेल्या दोऱ्याचं. ते आयुष्यभर पुरलं. तो दोरा तुटत नसे आणि खालून असल्यामुळे कुणाला दिसतही नसे.

"काय सापडलं रे? सोनं?" फिटरने विचारलं.

"ही मी शिवलीय," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "आपली आहे ही."

दलालाने कान टवकारले. "काय सांगता काका! म्हणजे घरचीच गाडी की. मी म्हणतच होतो, या गाडीच्या नशिबात पारखी माणूस आहे."

काकांना त्या दिवशी कशाचंच भान राहिलं नाही. आयुष्यभर केलेलं काम शेडच्या दारातून निघून गेलं ते गेलंच, परत कधी दिसलं नव्हतं. पोटच्या पोरीसारख्या नीट केलेल्या सीटा कुठे गेल्या, कुणी वापरल्या, कुठल्या भंगारात पडल्या, कोण सांगणार? आणि इथे एक उन्हात बसून त्यांची वाट बघत होती. ते सीटवरून हात फिरवत राहिले. फिटर गाडीखाली सरपटून आला आणि म्हणाला, पत्र्याला खालून गंज धरलाय, क्लचही जड आहे. काका म्हणाले, "हं." ज्याने सीटवर एवढी हौस केली त्याने इंजिनाकडे दुर्लक्ष केलं असेल होय, असा त्यांचा हिशोब होता.

"सूनबाई, तू बघ बसून."

सून बसली. तिने हाताने कडेची शिवण चाचपून बघितली. "किती सुंदर शिवलंय हो, बाबा. कुठे टाका दिसत नाही."

"कशी वाटते?"

काकांचा चेहरा बघून तिला हसू आलं. असा चेहरा तिने या घरात आल्यापासून बघितला नव्हता. "छान आहे. चालेल की."

"एक फेरी मारून या ना," दलाल म्हणाला. "पण उद्या संध्याकाळपर्यंत कळवा हं. आणखी दोघं विचारून गेलेत."

सून चालवायला, फिटर तिच्या शेजारी आणि काका मागे. कुणी गाडी चालवत असताना मागच्या सीटवरून इतक्या जवळून बघण्याची काकांना सवय नव्हती. सुरुवातीला ते पुढच्या सीटच्या पाठीवरची आपली दुहेरी टीप बघत होते. किती सरळ आलीय! मग त्यांची नजर त्या टिपेच्या वर गेली आणि तिथे सुनेचं डोकं दिसलं. म्हणजे डोक्याचा वरचा भाग तेवढा. बाकी ती सीटमध्ये बुडाली होती. मान ताणलेली, हनुवटी वर, खांदे कानापाशी. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं. क्लच दाबताना ती सीटवरून घसरून पुढे जाई आणि मग परत मागे येई. वळण आलं की अर्धवट उठून बोनेटच्या पुढे काय आहे ते बघे.

पुढे रस्त्यात एक गतिरोधक होता. तो तिला दिसला नाही. गाडी आदळली आणि तिघांची डोकी हलली.

"अरे देवा," फिटर म्हणाला.

"माझंच लक्ष नव्हतं," सून म्हणाली आणि हसली.

काका हसले नाहीत. त्यांना तो माणूस आठवला. उंचच उंच. गाडीत बसला की त्याचं डोकं टपाला लागे. सगळे त्याला उंटच म्हणत, आणि तोही हसे. त्याने शेडमध्ये येऊन सांगितलं होतं, काका, काहीही करा पण मला मान सरळ करून बसू द्या. काकांनी स्प्रिंगा काढून खाली बसवल्या होत्या, फोमचा थर पातळ तासला होता, आणि हे सगळं असं केलं होतं की वरून बघणाऱ्याला सीट खाली गेलीय हे कळूच नये. तीच तर त्यातली कारागिरी होती. त्या माणसाने बसून बघितलं, मान सरळ केली आणि आनंदाने हॉर्न वाजवला होता.

त्या सीटमध्ये आता त्यांची सून बसली होती, जिचा हात स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला पुरत नाही.

फेरी संपली. काका उतरले. "उद्या सांगतो," एवढंच दलालाला म्हणाले.

घरी मुलाला सगळं कळलं होतं. काकूंनी तर शेजारणीलाही सांगून टाकलं होतं की यांची सीट यांनाच परत सापडली. मुलगा खूश. "बाबा, हे म्हणजे भारीच झालं. आता विचार करायचा प्रश्नच नाही."

चहा झाल्यावर काका मागच्या खोलीत जायला निघाले. दार अर्धवट उघडं होतं. आत सून एका खुर्चीवर बसली होती. खाली तिने ढिगातल्या एका चादरीची चौकोनी घडी घातली होती. ती बसून समोर बघे, मग उठे, घडी आणखी एकदा दुमडे आणि परत बसे. पाय पुढे लांब करून क्लच दाबल्यासारखं करी. घडी सरकली की नीट करी.

काका खोकले. ती चटकन उठली आणि चादर झटकून मशीनवरच्या ढिगात टाकली.

"काय करत होतीस?"

"काही नाही. कपडे आवरत होते."

"उशी घेऊन बसणार का तू?"

ती गोंधळली. "एखादी छोटी उशी घेईन, बाबा. त्यात काय? चालेल."

काका खुर्चीवर बसले. अंगठा न दाबता बसले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सीटवर उशी घेऊन बसणारे लोक त्यांनी खूप बघितले होते. त्यांच्यावर ते आयुष्यभर चिडले होते. त्यात अपमानाचा भाग थोडाच. उशी सरकते. जोरात ब्रेक मारला की माणूस उशीसकट पुढे जातो आणि पाय नको तिथे पडतो. त्यांच्याकडे अशा धडकलेल्या गाड्या येत. सीटा ते शिवून देत, आणि आधी काय झालं होतं ते विचारत नसत.

आणि ही रोज पहाटे, अंधारात, उशीवर बसून, मान ताणून त्या लांबच्या रस्त्याने जाणार. कशासाठी? म्हाताऱ्याला आपली शिवण सापडली म्हणून.

सीट आपण वर करू शकतो, असं काकांच्या मनात आलं. स्प्रिंगा उचलू, फोम वाढवू. वाटेत फिटरपाशी ते तसं बोललेही होते. तेव्हा फिटर म्हणाला होता, "सीट तू वर करशील रे, पण खालचा गंजलेला पत्रा कोण शिवणार? तू?" तेव्हा त्यांना राग आला होता. आता येईना.

"बस जरा," ते म्हणाले. "मला एक सांग. त्या बाईंची गाडी कशी वाटली होती तुला?"

"चांगली होती. पण तुम्ही म्हणालात—"

"मी काय म्हणालो ते राहू दे. तुला कशी वाटली?"

"तीही चाल—"

"ते नको." काका इतक्या पटकन बोलले की दोघंही दचकली. त्यांनी आवाज उतरवला. "ते 'चालेल' नको गं. मला इंजिनातलं काही कळत नाही. गाडी मला चालवता येत नाही. मी सीट बघून गाड्या ठरवत होतो. एक फाटकी म्हणून नको म्हटली आणि एक माझ्या हातची म्हणून हवी म्हटली. चालवायची तुला आहे. तू नाही सांगितलंस तर मला कोण सांगणार?"

सून पदराशी चाळा करत उभी राहिली. बाहेर काकू कुणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलत होत्या.

"त्या गाडीत बसल्यावर समोरचा रस्ता दिसत होता," ती म्हणाली. मग एकदा सुरुवात झाल्यावर पुढचं आपोआप आलं. "पाय पोचत होते. दारही हलकं होतं. आणि या निळ्या गाडीचा क्लच दाबताना माझा गुडघा दुखतो, बाबा. ट्रक शेजारून गेला ना, तेव्हा मला भीती वाटली. मला वाटलं, होईल सवय."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही किती खूश होतात!"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. मग उठले. "चल. फिटरला फोन लाव. बाईंची गाडी गेली नसली म्हणजे मिळवली."

गाडी गेली नव्हती, पण जाण्याच्या बेतात होती. बाईंकडे एक जोडपं येऊन बसलं होतं आणि नवऱ्याला सीट बघून काकांना पहिल्या दिवशी झालं होतं तसंच झालं होतं. तो नाक मुरडत होता. काका दारात उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यात क्वचितच केलेली गोष्ट केली. परक्या लोकांच्या मध्येच बोलले. "बाई, आम्ही घेतो. आहे तशी."

"अहो, तुम्हीच ना ते? सीट बघून पळालेले?" बाई हसल्या.

"पळालो होतो. आता परत आलोय."

फिटरने मागून टोला हाणला, "मी घसा फोडून सांगत होतो तेव्हा कान शिवून ठेवले होते लाल दोऱ्याने."

ते जोडपं सुटल्यासारखं निघून गेलं. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडून परत त्या सीटकडे बघितलं. तीच बसलेली, उसवलेली सीट. या वेळी त्यांना ती निराळी दिसली. एका बाजूला जास्त दबलेली, कारण बाई रोज त्याच बाजूने चढत-उतरत. पुढची कड घासून गुळगुळीत, कारण पाय रोज त्याच जागी. सीट बसली होती कारण गाडी कधी थांबली नव्हती. एवढं साधं त्यांना कसं कळलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं, आणि थोडी लाजही.

निळ्या गाडीच्या दलालाला काकांनी स्वतः जाऊन नकार दिला. निघताना ते एकदा तिच्यापाशी थांबले. दार उघडलं नाही. काचेतून बघितलं तेवढंच.

मग मागच्या खोलीतल्या मशीनवरची चादर निघाली. इस्त्रीच्या कपड्यांना नवी जागा शोधावी लागली आणि त्यावरून काकूंनी दोन दिवस तोंड सोडलं. "आता या वयात कारखाना काढताय का?" म्हणत मशीनमध्ये तेल मात्र त्यांनीच घातलं. सुईत दोरा ओवायलाही त्याच बसल्या, कारण काकांची बोटं आता त्या कामाला साथ देईनात. सीट घरात आली. कव्हर सोललं. काका हळूहळू काम करत. पूर्वी एका दिवसात होई त्याला आता आठवडा लागत होता. महिनाअखेर जवळ येत होती आणि मुलगा रोज विचारी, "बाबा, होईल ना?" काका मान डोलावत.

आजवर त्यांनी सीटा मापावर शिवल्या होत्या. माप म्हणजे सीटचं माप. बसणाऱ्याचं माप त्या एका उंच माणसाखेरीज त्यांनी कुणाचं घेतलं नव्हतं. या वेळी त्यांनी सीटचा नुसता सांगाडा गाडीत लावला, स्प्रिंगांवर फळी ठेवून सुनेला तिच्यावर बसवलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

"रस्ता."

"कुठून दिसतो?"

"त्या दगडापासून."

काकांनी फळीखाली फोमचा तुकडा सरकवला. "आता?"

"आता अलीकडून. झाडाच्या बुंध्यापासून."

असं करत करत उंची ठरली. काकूंना हे डोळ्यांच्या दवाखान्यासारखं वाटलं आणि तसं त्या म्हणाल्याही. शेवटची शिवण काकांनी हाताने घातली. लाल रिळावर आता थोडासाच दोरा उरला होता. तो पुरला.

ज्या दिवशी सहकारी बदलीच्या गावी गेला, त्याच्या दुसऱ्या पहाटे सून स्वतःच्या गाडीतून लॅबला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा काका दारात उभे होते. आपण वाट बघत नव्हतो असं दाखवण्यासाठी त्यांनी हातात पाण्याची झारी धरली होती.

"कशी आहे सीट?"

"मस्त आहे, बाबा. चालेल."

काका आत गेले. झारीतलं पाणी कुंड्यांना घालायचं राहूनच गेलं. सीट चांगली असेलही. पण हे ऐकून त्यांना जे कळायला हवं होतं ते कळलं नव्हतं.

असेच काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी सून घरी आली ती किल्ली हातात धरून, चप्पल न काढताच उभी राहिली.

"बाबा, एक बोलू का?"

"बोल की."

"रागावणार नाही ना?"

"अगं बोल तरी."

"डाव्या बाजूची पायपिंग आहे ना, ती मांडीला टोचते. सुरुवातीला नाही कळत, पण अर्ध्या रस्त्यात टोचायला लागते. आणि पाठ जरा जास्तच ताठ झालीय. मी शाळेतल्या बाकावर बसल्यासारखी बसते."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "अगं, काय हे! त्यांनी एवढं जीव ओतून केलंय आणि तू—"

"तू थांब गं," काका म्हणाले. ते उठले होते. चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता. "टोचते म्हणजे कुठे, पुढे की मधे?"

"मधे. चार बोटं आत."

"चल, दाखव."

दोघं खाली उतरली. सून गाडीत बसली आणि काका दाराशी गुडघ्यावर बसले. तिने बोट लावून जागा दाखवली. काकांनी तिथे अंगठा फिरवला. खरंच तिथे पायपिंगची गाठ वर आली होती. आखडलेल्या बोटांची गाठ. इतक्या वर्षांत त्यांच्या शिवणीला कुणी नावं ठेवली नव्हती. त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि आपलेच टाके एकेक करून उसवायला घेतले.

"आणखी काही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

सून चाकावर हात ठेवून समोर बघत बसली. विचार करत होती. घाई नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "सांगते."